पौषातली थंडी आणि डोंगरातला एकटा माणूस

मंडळी, किनवट-माहूरचे डोंगर काही हिमालय नव्हेत. इथे बर्फ पडत नाही, म्हणून माणूस ऐन पौषातही खुशाल एकटा डोंगरात शिरतो. पण थंडीने दगावायला बर्फच लागते असे नाही. आपल्या अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. ती ३५ अंशांच्या खाली गेली की जिवाला धोका. ओले कपडे आणि वारा एकत्र आले, तर हवा १० अंशांवर असतानाही हे घडते.

आता मुक्काम कुठे करावा? निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते. तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी ओघळत खोलगटात साचते. म्हणून पहाटे ओढ्याकाठी गारठा अधिक. माथ्यावर वारा झोंबतो. तेव्हा मधल्या उतारावर, खडकाच्या आडोशाला थांबावे. अंगाखाली सागाचा वाळला पाचोळा जाड अंथरावा. शेकोटी मात्र त्यापासून लांब.

गारठलेल्याची बुद्धी मंद होते, बोलणे अडखळते. पण एकट्याला हे सांगणार कोण? कुडकुडणे आपोआप थांबले, तर ऊब आली असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. असा माणूस भेटला तर ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा पाजा. दारू मुळीच नको. तिने अंगातली ऊब कातडीवाटे निघून जाते.

गुरुजींनी मुलांना एवढे जरूर शिकवावे : निघताना वाट आणि परतायची वेळ घरी सांगावी. मग उशीर झालाच, तर कोणत्या डोंगराकडे धावायचे हे गावाला कळते.