डोक्याला मुका मार लागला तर? कन्कशनबद्दल सगळं (एपिसोडचा लिखित मजकूर)

आजचा विषय जरा गंभीर आहे, पण मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

मी दहावीत होतो. फायनल मॅच, मी विकेटकीपर. उंच उडालेला कॅच घ्यायला मी आणि अजून एक जण धावलो आणि धाडकन डोक्यावर डोकं आपटलं. रक्त नाही, नुसतं टेंगूळ. 'काही होत नाही रे, तोंडावर पाणी मार,' असं सगळे म्हणाले. मी खेळत राहिलो. त्या मॅचच्या शेवटच्या ओव्हर्स मला आजही आठवत नाहीत.

पुढचा आठवडाभर फळ्यावरचं वाचलं की डोकं ठणकायचं, ट्यूबलाइटचा त्रास व्हायचा, घरी सगळ्यांवर चिडचिड. आईला वाटलं, पोरगा अभ्यास टाळतोय. मी काहीच बोललो नाही, कारण रविवारी पुढची मॅच होती. मी केलेली सगळ्यात मोठी चूक हीच.

याला म्हणतात कन्कशन. डोक्याला धक्का बसला की मेंदू कवटीच्या आत जोरात हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. धक्का मानेला किंवा अंगाला बसून डोकं जोरात हललं, तरी होऊ शकतं. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हा गैरसमज आहे. बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. सीटी स्कॅनही बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण बिघाड कामात असतो, दिसणाऱ्या रचनेत नाही. आणि हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला मेंदू हलायचा पूर्ण थांबवू शकत नाही.

लक्षणं उशिराही दिसतात. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्सची टेस्ट आठवा. जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत ठीक वाटला, तासाभरात परत बॅटिंगला आला, ९२ रनवर आउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखतंय, सुन्न वाटतंय. त्याला बाहेर बसवलं आणि मार्नस लाबुशेन टेस्टमधला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट झाला. तिथे तर डॉक्टरांची अख्खी टीम होती. आपल्या गल्लीत कोण असतं? आपणच.

मग मित्राला किंवा लहान भावंडाला मार लागला तर बघायचं काय? डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणं, गोंधळलेला चेहरा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आत्ताचं न आठवणं. अगदी लहान मूल सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, खेळण्यात रमत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे. 'पाच मिनिटं बस, मग ये' हे चालणार नाही.

आता हे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढचं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल किंवा १०८ ला फोन:
– पुन्हा पुन्हा उलटी
– वाढत जाणारी डोकेदुखी
– फिट येणं, बेशुद्ध होणं
– हातपाय लुळे पडणं, बोबडं बोलणं
– एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं
– नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त
– झोपेतून जागं न होणं
मानही दुखत असेल तर उगाच उचलू नका, हलवू नका.

'झोपू देऊ नका' असं घरोघरी सांगतात. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील, तर झोप चांगलीच. औषधही मनाने नको, मुलांना ॲस्पिरिन तर नाहीच.

नंतर काय? पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाइल कमीत कमी. हो, तुम्हालाच सांगतोय! पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायची गरज नाही. हळूहळू चालणं सुरू करा. आधी शाळा-कॉलेज, मग खेळ. खेळसुद्धा पायरीपायरीने: हलका व्यायाम, पळणं, एकट्याचा सराव, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात.

घाई का नको? कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर क्वचित मेंदूला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते, आणि हा धोका तरुण मुलांनाच जास्त. माझं नशीब, पुढच्या रविवारी पाऊस पडला आणि मॅच रद्द झाली. तुम्ही पावसाच्या भरवशावर राहू नका. मार लागला तर सांगा, आईला सांगा, सरांना सांगा. आणि तुम्ही कॅप्टन असाल तर सांगणाऱ्याला 'घाबरट' म्हणू नका.

हा एपिसोड टीमच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!