‘एमपीटी केलं म्हणजे डॉक्टर झाला का?’

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या औरादहून सकाळी बिदरला जाणाऱ्या गाडीत दोन प्रकारचे प्रवासी हमखास भेटतात. एक, मांडीवर एक्स-रेचं पाकीट सांभाळत बसलेले पेशंट. दुसरे, पाठीला बॅग लावलेली कॉलेजची पोरं. त्या पोरांत हल्ली फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री शिकणारे बरेच असतात. पदवी हातात पडली की घरात एकच विषय निघतो : पुढं काय? मग उदगीरचे मामा एक सांगतात, भालकीची आत्या दुसरं सांगते आणि शेजारचे काका विचारतात, “मास्टर्स केलं म्हणजे डॉक्टर झाला का?” या सल्ल्यांतले काही गैरसमज आधी दूर केलेले बरे.

गैरसमज १ : डॉक्टरकीला नंबर लागला नाही, त्यांच्यासाठी ‘पॅरामेडिकल’.

वस्तुस्थिती : हे स्वतंत्र व्यवसाय आहेत आणि २०२१ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा आहे. त्यात दहा गट केले आहेत. प्रयोगशाळा, भूल व शस्त्रक्रिया तंत्र, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, नेत्रविज्ञान, आहारशास्त्र, क्ष-किरण व इमेजिंग, डायलिसिससारखी तंत्रं, असे पन्नासहून जास्त व्यवसाय त्यात येतात. कायद्यात दोन पायऱ्या आहेत. तंत्रज्ञांच्या पायरीला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. थेरपिस्ट, शास्त्रज्ञ वगैरेंच्या पायरीला तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास आणि पदवी लागते. म्हणजे दहावीनंतरचा डिप्लोमा आणि चार-साडेचार वर्षांची पदवी एकाच तराजूत घालता येत नाहीत. पदव्युत्तर प्रवेशाला त्या विषयाची पदवीच लागते. डिप्लोमावाल्यांनी आधी पदवी पुरी करावी. काही अभ्यासक्रमांत त्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नर्सिंग आणि फार्मसी या कायद्यात नाहीत, त्यांच्या वाटा वेगळ्या.

गैरसमज २ : हे सगळं नवं फॅड आहे.

वस्तुस्थिती : या फॅडला पाऊणशे वर्षं झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली, ती कमला निंबकर यांनी. माहेरच्या त्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या; निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. हात गेलेल्या, पाय लुळा पडलेल्या माणसाला नुसतं जगवून भागत नाही, त्याला पुन्हा घास हातानं उचलता आला पाहिजे, ही या विद्येची मूळ धारणा. फिजिओथेरपीचं शिक्षणही १९५०च्या दशकात के.ई.एम.मध्येच सुरू झालं. आपल्याकडे लकवा मारलेल्या माणसाची मालिश करून घ्यायला लोक कुठं कुठं जातात, ते पाहिलं की वाटतं, मुंबईहून औरादला पोचायला या विद्येला जरा जास्तच वेळ लागला.

गैरसमज ३ : मास्टर्स झालं की गोळ्या-इंजेक्शनं लिहिता येतात.

वस्तुस्थिती : येत नाहीत. एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स झालेला फिजिओथेरपिस्ट आपल्या विषयातला जाणकार होतो. एमबीबीएसचं लायसन्स त्याला मिळत नाही. रेडिओलॉजीत एम.एस्सी. केलेला तंत्रज्ञ सीटीचं, एमआरआयचं तंत्र खोलात शिकतो. त्या फिल्मचं निदान लिहून सही करणं हे रेडिओलॉजिस्टचं काम.

हा घोळ होतो तो परदेशातल्या बातम्यांमुळे. ब्रिटनमध्ये ‘ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस’ नावाची पायरी आहे. २०१७ साली इंग्लंडमध्ये तिचा आराखडा ठरला आणि तिचे चार खांब मानले गेले : रुग्णसेवा, नेतृत्व, अध्यापन आणि संशोधन. नर्स असो, फिजिओथेरपिस्ट असो की रेडिओग्राफर, मास्टर्सच्या तोडीचं शिक्षण आणि देखरेखीखालचा अनुभव घेऊन ती पायरी चढता येते. तिथं फिजिओथेरपिस्टना २०१३ पासून औषधं लिहिण्याची मुभाही आहे, पण त्यासाठी वेगळा कोर्स आणि वेगळी नोंद लागते. आपल्या मास्टर्सवर तिथला हुद्दा आपोआप मिळत नाही; आधी तिथल्या परिषदेची नोंदणी, मग पुढचं सगळं.

भारतात ‘ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस’ नावाचा परवाना नाही. पण ते चार खांब इथल्या पोरांनाही उपयोगी आहेत. चांगलं मास्टर्स हेच शिकवतं : अवघड पेशंट हाताळणं, ज्युनियरना तयार करणं, विभाग चालवणं आणि ‘आपण करतो त्यानं खरंच फरक पडतो का’ हे मोजून पाहणं.

गैरसमज ४ : मास्टर्स फक्त कॉलेजात शिकवायला लागतं, दवाखान्यात अनुभव पुरे.

वस्तुस्थिती : शिकवायला ते लागतंच. पण दवाखान्यात त्याचं मोल काय, ते एका उदाहरणानं सांगतो.

समजा, तुरीच्या राशीच्या दिवसांत पोतं उचलताना एकाची कंबर धरली. कळ पायात उतरली. घरचे म्हणतात, उसण भरली, शेकून घे. तो फिजिओथेरपीला येतो. सवयीनं काम करणारा माणूस मशीन लावतो, शेक देतो, दहा दिवस या म्हणतो. दहातल्या नऊ जणांना तेवढ्यानं बरंही वाटतं. म्हणूनच अनुभव फसवा असतो, तो त्या नऊ जणांचाच असतो.

नीट शिकलेला माणूस मशीनला हात लावायच्या आधी विचारतो : कळ एका पायात की दोन्ही? टाचेवर चालून दाखवा. सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो, तिथं बधिर वाटतंय का? लघवी आलेली कळते का, की अडते? शेवटचे दोन प्रश्न चारचौघांत विचारायला अवघड वाटतात. पेशंट लाजतो, सोबतची बायको मान वळवते. पण उत्तर ‘हो, कालपासून बधिर आहे, लघवी अडतेय’ असं आलं, तर मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबत असण्याची शक्यता असते. तिथं मोजणी तासांची. उशीर झाला तर लघवी-संडासावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी उपचार एकच : “आज मी हात लावणार नाही. तातडीनं बिदरला जा, एमआरआय करा, सर्जनला दाखवा,” असं सांगणं, आणि काय आढळलं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून देणं.

हे प्रश्न पदवीतही शिकवतात. मास्टर्समध्ये सीनियरच्या नजरेखाली ते शेकडो पेशंटना विचारावे लागतात, आणि चुकलं तर कुठं चुकलं याचा जाब द्यावा लागतो. ज्या गावापासून सर्जन चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथं कुणाला ठेवायचं आणि कुणाला पाठवायचं हे ओळखणारा माणूस शहरापेक्षा जास्त हवा.

गैरसमज ५ : घरबसल्या, पत्राद्वारे एका वर्षात होतं.

वस्तुस्थिती : फिजिओथेरपीला दूरशिक्षण आधीपासूनच चालत नव्हतं. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं या नव्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी केली. एमपीटी ही पूर्ण दोन वर्षांची, वॉर्डात उभं राहून करायची पदवी. मानसशास्त्राचीही तीच गत : नुसत्या एम.ए.वर दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची पाटी लावता येत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण आणि तिची नोंदणी लागते. वीकएंडच्या कार्यशाळा जरूर कराव्यात, पण ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणून पदवी होत नाही.

गैरसमज ६ : आपण सीमेवरचे, आपल्याला ना कर्नाटकात जागा ना महाराष्ट्रात.

वस्तुस्थिती : उलट आहे. राज्यघटनेच्या ३७१-जे कलमामुळे बिदरसह कल्याण कर्नाटकातल्या रहिवाशांना प्रवेशात राखीव वाटा मिळतो : २०१३च्या आदेशानुसार या भागातल्या संस्थांत ७० टक्के, राज्यभरच्या संस्थांत ८ टक्के. त्यासाठीचं पात्रता प्रमाणपत्र प्रवेश सुरू व्हायच्या आधी काढून ठेवावं. ऐन वेळी तहसीलला खेटे घालण्यात फेरी निघून जाते. महाराष्ट्रात काही व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी तरतूद आहे. आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची पदवी असो की नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, दोन्ही मान्य विद्यापीठं आहेत. राज्य बदललं की पदवी बाद होत नाही. मात्र जिथं काम करायचं, तिथल्या परिषदेत नोंदणी करून घ्यावी लागते.

राहता राहिला प्रवेशाचा दिवस. कॉलेजची इमारत पाहून भुलू नका. जोडलेल्या दवाखान्यात खाटा किती, रोजचे पेशंट किती, आपल्या विषयाचा मार्गदर्शक तिथं रोज असतो का, मागच्या बॅचची पोरं आज कुठं आहेत, हे विचारा. जमलं तर ओपीडीत तासभर बाकावर बसा. पोरं पेशंटना प्रश्न विचारतायत की नुसती मशीनची बटणं दाबतायत, हे तेवढ्या वेळात कळतं.