आंग्र्यांची सरखेली

कुलाबा किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीनं जायचं तर ओहोटी गाठावी लागते. अलिबागच्या किनाऱ्यावरचा गाडीवाला आधी तेच बजावतो : "पाणी चढायच्या आत माघारी फिरा." संपादकांनी पाठवलं होतं आंग्रे घराण्यावर लिहायला, पण मी रेंगाळले ती तटापाशी.

१६८० साली शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या या किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. सांध्यात बोटं सहज जातात. लाट आदळते, पाणी त्या फटींत शिरतं, तिथंच त्याचा जोर मरतो आणि ते निथळून परत जातं. दर्याशी वैर न धरता त्याला वाट करून देणाऱ्या त्या गवंड्यांपुढं हात जोडावेसे वाटतात.

कान्होजी आंग्रे इथूनच समुद्रावर हुकमत चालवत. घराणं मूळचं संकपाळांचं; आंगरवाडीवरून आंग्रे झालं. राजाराम महाराजांनी कान्होजींना सरखेल हा आरमारप्रमुखाचा किताब दिला. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं, तेव्हा किताब आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले. या किनाऱ्यावरून जायचं तर कान्होजींचं दस्तक घ्यावं लागे. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. स्वतःही परवाने देणाऱ्यांनी हे म्हणावं, याचा मला आजही राग येतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

कान्होजी १७२९ साली गेले. थोरले सेखोजी चार वर्षांत वारले आणि भावाभावांत जुंपली. १७३५ साली पेशव्यांनी वाटणी केली : संभाजीकडे सरखेली, मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा नवा किताब. एका आरमाराची दोन झाली. संभाजीनंतर सरखेल झालेला तुळाजी पेशव्यांना जुमानेना, तेव्हा त्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत राहिला. मराठ्यांनी आपलं समुद्रावरचं बळ आपल्याच हातांनी बुडवलं, असंच मी म्हणेन.

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. राघोजींनी १७५९ साली किल्ल्यात गणेश पंचायतनाचं देऊळ बांधलं. तिथं आजही पूजा होते. पण १८२२ च्या तहानं वारसाला मान्यता देण्याचा हक्क कंपनीकडे गेला, आणि गळफास बसला तो तिथं. १८३८ साली दुसरे राघोजी वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेलं मूलही जगलं नाही. दत्तकाची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. १८४० साली संस्थान खालसा झालं. दत्तक नामंजूर करण्याबद्दल आपण डलहौसीला बोल लावतो. तो गव्हर्नर जनरल होऊन आला १८४८ साली. तोवर कुलाब्याचा निकाल लागून आठ वर्षं झाली होती.