मातीतली इंजिनं (लेखांक ६) : थेंब न सांडणारी गळती

मागच्या लेखांकात कार्बोरेटरचे जेट पाहिले. त्यानंतर आलेल्या विचारणांत एक तक्रार पुन्हापुन्हा होती : ‘गाडी तेल खातीया, धूर सोडतीया, पण खाली एक थेंब न्हाई.’ टू-स्ट्रोक इंजिनाच्या गळतीबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. जमिनीवर डाग पाडणारी गळती बहुतेक वेळा किरकोळ असते. इंजिनाचा जीव घेणारी गळती बाहेरून दिसत नाही.

याचं कारण इंजिनाच्या रचनेत आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खाली तेल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे. पिस्टन वर गेला की केसमध्ये ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. ८,००० आरपीएमला हा ओढ-दाबाचा खेळ सेकंदाला १३३ वेळा चालतो. म्हणून क्रँकच्या दोन टोकांना बसवलेली दोन रबरी ऑईल सीलं ही तेल अडवण्यापेक्षा हवा अडवण्यासाठी जास्त महत्त्वाची. जिथून तेल बाहेर येऊ शकतं, तिथून हवा आत जाऊ शकते.

कोल्हापूरला हे इंजिन नवं नाही. १९८५ साली आलेली ९८ सीसीची यामाहा आरएक्स १०० कंपनीने १९९६ साली बंद केली, तरी इथल्या रस्त्यांवरून ती कधी गेली नाही. कुणी ती जपून ठेवली, कुणी मडगार्ड उंच करून, बटनाचे टायर चढवून मातीत उतरवली. इथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि त्या कार्टमागचं रोटॅक्सचं १२५ सीसी इंजिनसुद्धा टू-स्ट्रोकच. आता परदेशी बनावटीच्या डर्ट बाइकही दिसतात. आकार, ताकद, किंमत सगळं वेगळं. सीलचं दुखणं मात्र एकच.

पाहणी करण्याआधी इंजिन धुवा. हे सांगावं लागतं, कारण बहुतेक जण तेल-मातीच्या थराकडे बघूनच निदान करतात. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश घेऊन केस, सिलिंडरचा तळ, पुढच्या स्प्रॉकेटची जागा, ड्रेन बोल्ट हे सगळं लख्ख करा, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि गाडी दहा मिनिटं फिरवून आणा. पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधायचा. तळाशी लोंबणारा थेंब बघून ड्रेन बोल्ट आवळत बसलं, की आटे जातात आणि गळती तिथंच राहते.

आता ते तेल कोणतं आहे ते ओळखा. बोटावर घ्या, वास घ्या. पेट्रोलचा वास असलेलं पातळ तेल क्रँककेसमधलं : सिलिंडरखालचं पॅकिंग, केसचा सांधा किंवा मॅग्नेटकडचं सील. वास नसलेलं, बोटाला जाड लागणारं तेल गिअरबॉक्सचं : स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर लिव्हर किंवा किकच्या शाफ्टचं सील, क्लच कव्हरचं पॅकिंग. सायलेन्सरच्या सांध्यातून येणारी काळी, चिकट घाण ही बहुतेक वेळा इंजिनाची गळतीच नसते. ते न जळलेलं टू-टी ऑईल असतं. जेट मोठा आहे, तेल जास्त घातलंय किंवा गाडी गरम न होताच घरगुती फेऱ्या मारतेय, असा त्याचा अर्थ. ऑईल पंप काढून टाकलेल्या गाड्यांत लिटरभर पेट्रोलला २५ ते ३० मिली तेल हे नेहमीचं प्रमाण. ‘जास्त घातलेलं बरं’ म्हणून ५० मिली ओतलं की सायलेन्सर रडणारच. आधी प्रमाण नीट करा, मग सायलेन्सरची रिंग बदला.

स्प्रॉकेटमागच्या गळतीत एक फसवणूक नेहमी होते. चेनला मारलेलं तेल तिथंच उडून साठतं आणि सील गेलं असं वाटतं. धुऊन, चेन कोरडी ठेवून पुन्हा बघितलं की खरं काय ते कळतं. सील खरंच गेलं असेल तर त्याच्याबरोबर शाफ्टवरच्या कॉलरच्या आतली बारीक ओ-रिंगही बदला. नवं सील टाकूनही तेल येतंय म्हणून वैतागलेल्या गाड्यांत ही ओ-रिंगच विसरलेली असते. सील जातं तेही उगाच नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती स्प्रॉकेटभोवती घट्ट बसते आणि वाळून दगड होते. पन्हाळा-राधानगरीकडच्या जांभ्याची खर कानशीसारखी सीलचा ओठ झिजवते. त्यावर सर्व्हिसिंग सेंटरमधल्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट सीलवर मारला की उरलेली खर आत जाते. ती माती लाकडी काडीने उकरून काढावी.

आता मूळ तक्रारीकडे वळू. क्लचकडच्या बाजूचं क्रँक सील गिअर ऑईलमध्ये बुडालेलं असतं. ते फाटलं की पिस्टन वर जाताना क्रँककेस गिअर ऑईल ओढून घेतं आणि जाळतं. पांढरा दाट धूर, काळा ओला प्लग, आणि जमीन कोरडी ठणठणीत. खात्री करायला साधं मोजमाप पुरतं. आरएक्स १०० च्या गिअरबॉक्सला सुमारे ६५० मिली तेल लागतं. नवं तेल मोजून घाला, काही दिवस गाडी चालवा, इंजिन गरम असताना मापाच्या भांड्यात काढा. थोडं तेल आत चिकटून राहतं. पण दीड-दोनशे मिली कमी भरलं आणि बाहेर ओल नसेल, तर ते सायलेन्सरमधूनच गेलं. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर तेच सील उलट्या दिशेनेही सोडतंय.

मॅग्नेटकडच्या सीलची गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथं तेल नाही, हवा आहे. सील फाटलं की कार्बोरेटरला वळसा घालून कोरडी हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि त्याबरोबर पिस्टनला मिळणारं तेलही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लावतात, आयडलिंग कधी चढतं तर कधी उतरतं, प्लग पांढरा पडतो. अशा वेळी स्क्रू फिरवून आयडलिंग ‘बसवणं’ म्हणजे पिस्टन जाम व्हायची वाट बघणं. आरपीएम आपोआप चढतच गेले तर वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक दाबून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा.

संशय आला की प्रेशर टेस्ट करावी. माझ्या मते टू-स्ट्रोकवर काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजमध्ये ती रोजची असायला हवी, आणि ती होत नाही याचं वाईट वाटतं, कारण साधन अगदी हाताशी आहे. डॉक्टर रक्तदाब मोजतात त्या यंत्राचा घड्याळी काटा आणि रबरी फुगा घ्या. त्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आणि या तपासणीला नेमका तेवढाच दाब लागतो. एक्झॉस्टचं तोंड जुन्या ट्यूबच्या रबराने आणि पट्टीने बंद करा. पिस्टन तळाशी आणा. कार्बोरेटर काढून त्या जागी नळीचं बूच बसवा आणि हवा तिथूनच भरा, म्हणजे रीड व्हॉल्व्हच्या अलीकडचा रबरी मॅनिफोल्डही तपासला जातो. सहा मिनिटं काटा जवळजवळ हलला नाही तर इंजिन ठीक. घसरला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. मॅग्नेटकडचं सील बघायला मॅग्नेट काढावं लागतं. क्लचकडचं सील बघायला गिअर ऑईल भरायचं बूच उघडून तोंडावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला तर हवा गिअरबॉक्समध्ये जातेय. दहा पीएसआयच्या वर कधी जाऊ नका, चांगली सीलंही जागेवरून सुटतात. कॉम्प्रेसरची नळी तर लावूच नका.

सील बदलताना मॅग्नेट पुलरनेच काढायचं, हातोड्याने नाही. ठोके क्रँकला लागतात आणि तो वाकतो. जुन्या सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू पिळा आणि स्क्रू पक्कडीने ओढा. केसच्या कडेला ओरखडा पडता कामा नये. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवा, आणि सीलच्या मापाच्या सॉकेटने सरळ दाबत बसवा. काही इंजिनांत सीलला आतून कडा असते, ते केस फोडल्याशिवाय निघतच नाही. तिथं ओढाताण करू नये. शाफ्टवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवं सील महिनाभरात गळेल. जागा असेल तर सील मिलिमीटरभर आत बसवा, म्हणजे ओठ चरीवर न येता कोऱ्या जागेवर येतो. मॅग्नेट आणि क्लच उघडलंच आहे तर दोन्ही सीलं एकदमच बदला. आणि क्रँकला वरखाली खेळ असेल तर आधी बेअरिंग बदला; खेळ राहिला तर कोणतंच सील टिकणार नाही.

राहता राहिलं पॅकिंग. कव्हरच्या सांध्यातून पुन्हापुन्हा तेल येत असेल तर शेलॅकचा जाड थर लावणं हा उपाय नाही. जादा शेलॅक आत सुटतं आणि क्लचच्या तेलात फिरतं. बहुधा कव्हरच वाकलेलं असतं, कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेलं असतं. या बाबतीत कोल्हापूरचा माणूस नशीबवान आहे. शिवाजी उद्यमनगरात सरफेस प्लेट असलेलं वर्कशॉप शोधावं लागत नाही. प्लेटवर निळा रंग लावून कव्हर घासलं की उंच-सखल भाग लगेच दिसतो. थोडा वाक असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात घासून निघतो, जास्त असेल तर ग्राइंडिंगला द्यावा. दगड लागून फुटलेली केस एम-सीलने फक्त घरापर्यंत येते. नंतर ती पूर्ण धुऊन, तेल जाळून आर्गॉन वेल्डिंगच करून घ्यावं लागतं. ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकण्यापेक्षा हेलिकॉइल बसवा, आणि वॉशर दर वेळी नवा टाका.

कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन फेऱ्यांत, सुमारे १० न्यूटन-मीटरला आवळा. जोडणी झाल्यावर किक मारण्याआधी प्रेशर टेस्ट पुन्हा करा. इंजिन एकदा गरम करून पूर्ण गार होऊ द्या आणि सिलिंडरखालचे नट परत तपासा. काढलेलं गिअर ऑईल डब्यात साठवून भंगारवाल्याकडे द्या. गटारीत ओतलेलं तेल पंचगंगेतच जातं.

पुढच्या आठवड्यात जाम झालेल्या पिस्टनवरचे ओरखडे वाचू : पेट्रोल कमी पडल्याचे कोणते, तेल कमी पडल्याचे कोणते आणि थंड इंजिन एकदम ताणल्याचे कोणते.