शेजारधर्मातली सुवार्ता : खानदेशातील ख्रिस्ती साक्ष

ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास दुसऱ्यालाही सांगावा, ही अपेक्षा नव्या कराराइतकीच जुनी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. मात्र पहिल्या शतकात हे काम एकट्या प्रेषितांनी केले नाही. यरुशलेमेत छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित शहरातच राहिले. पांगले ते साधे विश्वासी, आणि जिथे गेले तिथे ते बोलत राहिले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. अंत्युखियासारख्या मोठ्या शहरात मंडळी उभी राहिली ती अशाच लोकांमुळे. त्यांची नावेही कोणी नोंदवून ठेवलेली नाहीत. खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास वाचताना हे सतत आठवत राहते. मिशनऱ्यांची नावे अहवालांत सापडतात. पण सुवार्ता घराघरांत नेली ती बहुतेक सोयऱ्या-धायऱ्यांनी, शेजारणींनी, शेतात एकत्र राबणाऱ्यांनी.

इंग्रजी अमदानीतला खानदेश जिल्हा १९०६ साली दुभागला. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव झाले, पश्चिम खानदेशाचे धुळे. मिशनांचे कार्यक्षेत्रही साधारण असेच वाटले गेले. पूर्वेकडे वऱ्हाडातल्या अकोल्यात पाय रोवलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेलगतच्या गावांत केंद्रे काढली. पश्चिमेकडे फ्रेडरिक फ्रॅन्सन या मूळच्या स्वीडिश प्रचारकाने १८९० साली शिकागोत स्थापलेले ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’ आले. पुढे त्याचे नाव ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झाले. त्याचे काम नवापूरच्या बाजूला, भिल्ल आणि मावची वस्त्यांत रुजले. भुसावळ जंक्शनला रेल्वेच्या नोकरीत आलेल्या गोव्याच्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांमुळे कॅथलिक मंडळीही होती. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. नंदुरबार धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, त्यामुळे ‘धुळ्याकडचे ख्रिस्ती’ असे जुन्या बोलण्यात येते तेव्हा त्यात नवापूर-तळोदाही येतात.

मिशनरी मराठी शिकत, पण घराच्या उंबऱ्याआत त्यांना फारसा शिरकाव नसे. तिथे बायबल वुमन जात. वाचता येणारी, बहुधा विधवा किंवा एकटी असलेली ही बाई हातात शुभवर्तमानाची पुस्तिका आणि गीतांची वही घेऊन गल्लीत फिरे. दळण, बाळंतपण, लेकरांचा ताप या गोष्टी बोलता बोलता ती एखादी गोष्ट सांगे, एखादे पद म्हणे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून आणि दुष्काळानंतर निघालेल्या अनाथाश्रमांतून शिकलेल्या मुलींपैकी अनेकींनी पुढे हे काम केले. छप्पन्याच्या दुष्काळाने, म्हणजे १८९९-१९०० च्या उपासमारीने, खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात उद्ध्वस्त झाले होते. त्या काळात भाकरीपाठोपाठ आलेला धर्म किती मनापासून घेतला गेला, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि तो विचारणे योग्यच होते. परंतु दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबले, तरी ज्या घरांतली प्रार्थना थांबली नाही त्या घरांचे काय, हेही त्याबरोबर विचारले पाहिजे.

मराठी ख्रिस्ती साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध मतपरिवर्तनही एका प्रवासातल्या सहज भेटीपासून सुरू झाले. नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, काव्यावर बोलणे झाले आणि जाताना त्याने नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला, डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने वाद घातला नाही. त्याने बोलणे ऐकून घेतले आणि एक पुस्तक देऊन तो आपल्या वाटेने गेला. पुढे टिळकांनी अभंग, कीर्तन आणि भजन यांतून ख्रिस्त मराठी माणसाच्या कानाला ओळखीचा केला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानत. आज जळगाव-धुळ्याच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांची पदे सापडतातच.

रोजच्या जीवनातली साक्ष प्रत्यक्ष कशी असते, हे पाहायचे तर घरसभेकडे पाहावे. आठवड्यातल्या एका संध्याकाळी, शेतातून आणि कामावरून माणसे परतल्यावर, कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडते. दाराशी चपलांची रांग लागते. ढोलकी किंवा खंजिरी असते. नसली तर टाळ्यांवर भागते. दोन गीते, शास्त्रातला एक उतारा, पाळकांचे किंवा मंडळीतल्या वडिलांचे थोडके बोलणे, आणि मग प्रार्थनेचे विषय. ते मांडले जातात तेव्हा अख्खे खानदेशी घर समोर येते : कापसाला भाव मिळत नाही, केळीवर रोग पडला आहे, सुनेचे दिवस भरत आले आहेत, मुलगा पोलीस भरतीला बसला आहे, एकाची दारू सुटत नाही. शेजारची बाई चहाच्या निमित्ताने आलेली असते, ती कोपऱ्यात बसते. तिला कुणी काही विचारत नाही. सभा संपल्यावर घरधनीण अहिराणीत एवढेच म्हणते, ‘तब्येत कशी शे?’ आणि तिच्या गुडघेदुखीसाठीही प्रार्थना झालेली असते. बहुतेक वेळा ओळख इथून सुरू होते.

साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात काय झाले ते सांगणे. तिचा बांधा साधा असतो : पूर्वी काय होते, ख्रिस्ताची ओळख कशी झाली, आता काय बदलले. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई विहिरीवर घागर टाकून गावात धावली आणि ‘या, पाहा’ एवढेच म्हणाली. गावकऱ्यांनी नंतर स्वतः ऐकून स्वतःचा निर्णय घेतला. चांगली साक्षही अशीच ऐकणाऱ्याला मोकळे सोडते. वाईट साक्षीचा दोष नेहमी एकच असतो. ती आपला भूतकाळ काळाकुट्ट रंगवते आणि त्या ओघात आई-वडिलांच्या दैवतांचा अपमान करते. देवमोगरा मातेच्या यात्रेला जाणारा आजा मूर्ख होता, असे नातवाने गावात सांगितले तर त्या गावात पुढे त्याचे काही ऐकले जात नाही, आणि जाऊही नये. पेत्राच्या पहिल्या पत्राने आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव तयार राहायला सांगितले आहे, पण सौम्यतेने आणि आदराने. उत्तर द्यायचे ते प्रश्न आल्यावर. प्रश्न यावा असे जगणे, हे त्याआधीचे काम.

अनेक घरांत पहिला प्रश्न आला तो दारूमुळे. मोहाची दारू सोडलेला माणूस बाजाराच्या दिवशी शुद्धीवर घरी येतो आणि त्याच्या बायकोला लोक कारण विचारतात. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दारू सोडणे ही या मुलखात केवळ ख्रिस्ती मंडळीची देणगी नाही. तळोदा भागात गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आरती आणि शुद्ध आचरणाची जी चळवळ उभारली, तिने हजारो भिल्लांना दारूपासून दूर नेले. ख्रिस्ती साक्षीने या शेजाऱ्याचा मान राखला तर तिचे काही कमी होत नाही.

आजारपण हा दुसरा मोठा दरवाजा, आणि सर्वांत जपून उघडायचा. आडगावात ताप आला की भगताकडे जाण्याची रीत जुनी आहे. त्याच धर्तीवर काही जण प्रार्थना करणाऱ्याकडे जातात. प्रार्थनेने धीर येतो, एकटेपण जाते, याचा अनुभव असंख्य घरांनी सांगितला आहे. पण ‘गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा’ असे कुणी म्हणाले तर तो सुवार्तेचा आणि रुग्णाचा, दोघांचाही घात आहे. क्षयाचा औषधक्रम मध्येच तुटला की रोग अधिक चिवट होऊन उलटतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांना आयुष्यभर वैद्यकीय देखरेख लागते. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग रोखणारा कोणत्याही धर्माचा असो. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून चालू आहे आणि आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आहे. औषध आणि प्रार्थना एकाच छपराखाली नांदू शकतात, हे त्या भागाने तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

भाषेचा प्रश्नही रोजच्या साक्षीत येतो. पुस्तकी मराठीतले पवित्र शास्त्र चर्चमध्ये वाचले जाते, पण चुलीपाशी अहिराणी, तावडी, मावची, पावरी बोलल्या जातात. विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली छापला आणि तेव्हापासून मराठी अनुवाद सतत सुधारत गेले. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे याच कामाला दिली. मावची, पावरी अशा बोलींतही आता नव्या कराराचे अनुवाद आहेत. आजीला जो उतारा मराठीत समजला नाही, तो नात तिच्या बोलीत मोबाइलवर ऐकवते, हे दृश्य आता दुर्मीळ नाही.

धर्म सांगण्यावर आक्षेप आहेत आणि त्यांचा मान राखून विचार झाला पाहिजे. सेवेच्या आडून धर्मांतर घडवण्याला गांधीजींचा ठाम विरोध होता. नियोगी समितीने १९५६ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, म्हणजे वऱ्हाडासह, मिशनकार्याची चौकशी करून शाळा व दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा निष्कर्ष काढला. चर्चने तो अमान्य केला. त्याआधी ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही, यावर वाद झाला होता. लोकनाथ मिश्र यांनी विरोध केला, क. मा. मुन्शी यांनी पाठिंबा दिला. ख्रिस्ती संस्थांत चौदा वर्षे शिकूनही आपल्याला कुणी बाटवायचा प्रयत्न केला नाही, असे टी. टी. कृष्णमाचारी यांनी सांगितले. अनुच्छेद २५ मध्ये तो शब्द राहिला, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली निकाल लागला : आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही.

ही रेषा रोजच्या साक्षीला अडचणीची नाही, उलट पोषकच आहे. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांनी मिळालेला माणूस मंडळीत टिकत नाही आणि टिकला तरी विश्वासी होत नाही. म्हणून जाणते पाळक बाप्तिस्म्याची घाई करत नाहीत. आधी शिक्षण देतात, घरच्यांशी बोलतात, आणि परिणामही स्पष्ट सांगतात. अनुसूचित जातीतल्या माणसाने ख्रिस्ती धर्म घेतला तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे त्याच्या सवलती जातात. अनुसूचित जमातीला ती अट नाही, म्हणून भिल्ल, मावची किंवा पावरा ख्रिस्ती झाला तरी जमातीतच राहतो, जरी ते बदलावे अशी मागणी काही संघटना करतात. गावाच्या होळीची वर्गणी, नवसाचा बोकड, भावकीतले लग्न या प्रश्नांची उत्तरे कायदा देत नाही. ती त्या कुटुंबाला शेजाऱ्यांच्या सोबतीने शोधावी लागतात. पूजेत न बसणारा, पण मांडवाला खांदा देणारा ख्रिस्ती शेजारी गावाला चालतो, असे बहुतेक ठिकाणी दिसते.

बाप्तिस्मा न घेताही ख्रिस्तावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांना साध्या भाषेत गीता सांगणाऱ्या विनोबांनी पुढे नव्या करारातून ‘ख्रिस्तधर्म-सार’ निवडून काढले, तेही ख्रिस्ती न होता. साक्ष देणाऱ्याने अशा वाचकांना अर्धवट मानू नये. त्यांचे उत्तर त्यांचे आहे.

हंगामानुसार या साक्षीची जागाही बदलते. दिवाळीनंतर साक्री, नवापूर, शहाद्याकडची कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. त्यांच्यासोबत गीतांची वहीही जाते, आणि फडावरच्या कोपीत रविवारची प्रार्थना होते. तिकडे व्यारा, सोनगढ भागात ‘चर्च ऑफ द ब्रदरन’च्या जुन्या कामातून वाढलेल्या मंडळ्या आहेत आणि दोन्हीकडच्या घरांत सोयरिकी आहेत. राज्याची सीमा ओलांडून सुवार्ता अशीच, लग्नाच्या वऱ्हाडातून आणि मुकादमाच्या ट्रकमधून, दोन्ही बाजूंना जात आली आहे. उन्हाळ्यात मजूर परतले की पाळक नव्याने घरोघर फिरतात, कोण कुठे होते, कोण आजारी पडले, कुणाचे काय राहिले याची विचारपूस करतात आणि घरसभा पुन्हा सुरू होतात.