एक पडदा, सारे घर

रविवारची सकाळ झाली की गल्लीतील क्रिकेट काही काळ आपोआप थांबत असे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ सुरू झाले आणि अंगाला तेल लावलेली, आंघोळ व्हायची असलेली मुले पडद्यापुढे मांडी घालून बसू लागली. मूळ मालिका १९८९ ची, जपानी. परंतु गुलजारांचे शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज यांमुळे मोगली कोणालाच परका वाटला नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, तरी अनेक घरांत कृष्णधवल संचच दीर्घकाळ नांदला. त्याला लाकडी दारे असत, वर भरतकामाचे आच्छादन असे. पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण गच्चीवर अँटेना फिरवी, दुसरा खिडकीतून ओरडे, तिसरा पडद्यापाशी उभा राहून “आले, आले!” म्हणे. चित्र दिसण्यासाठीसुद्धा तिघांची गरज लागे. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी झळकली, तरी जागेवरून कोणी हलत नसे.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी साडेनऊला बाजारपेठाही ओस पडू लागल्या. पेढीवरचे शेठजी, दुकानातील नोकर, शेजारची मंडळी एकाच सतरंजीवर बसत. ज्या घरी संच, त्या घराच्या उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडे.

मुलांना याच पडद्याने बरेच काही दिले. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने काढलेल्या ‘एक अनेक और एकता’ या चित्रपटातील पाखरे जाळ्यासकट एकत्र उडाली आणि एकीचा अर्थ उपदेशाविना उमगला. शंकर नाग दिग्दर्शित ‘मालगुडी डेज’मधील स्वामी परीक्षेला घाबरे, तेव्हा प्रत्येक मुलाला तो आपल्याच वर्गातला वाटे. आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांनी ते गाव मनात कायमचे वसवले.

भाग संपला की संच बंद होई, दारे लागत. मग आठवडाभर अंगणात मोगलीचा खेळ चाले आणि पुढे काय घडेल यावर आजीशी वाद रंगे. चातुर्मासात दूरदर्शन न पाहण्याचा नियम घेणाऱ्या घरांतील मुलांना तर भागांमागून भाग सोडावे लागत. मित्रांकडून ऐकलेल्या कथेवर समाधान मानावे लागे. मनोरंजनालाही मर्यादा असते, हे त्या पिढीला असे नकळत कळले.

आज त्याच घरात चार माणसांच्या हाती चार पडदे आहेत. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. मुलाला थांबावे लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. आणि आजीला नातू काय पाहतो, हेही ठाऊक नसते.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा कित्येक घरांत तीन पिढ्या एकत्र बसल्या. नातवंडांनी प्रश्न विचारले, आजोबांनी उत्तरे दिली. आठवड्यातून एक तास, एकच पडदा, आणि भाग संपताच तो बंद, एवढा नियम आजही कोणत्याही घराला परवडण्याजोगा आहे. “पुढचा भाग आत्ताच का नाही?” असे नातवाने विचारले, तर “पुढे काय होईल, तूच सांग,” असे आजीने म्हणावे. गप्पा तेथूनच सुरू होतील.