मांड्याचं खापर, वॉफलची जाळी

२४ ऑगस्ट ही तारीख जळगावजवळच्या असोद्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. १८८० साली याच दिवशी बहिणाबाई चौधरी या गावात जन्मल्या. त्याच तारखेची आणखी एक गोष्ट मात्र गावात फारशी कुणी ऐकली नसेल. बरोबर अकरा वर्षं आधी, २४ ऑगस्ट १८६९ला, अमेरिकेतल्या ट्रॉय शहरच्या कॉर्नेलियस स्वार्टवूटला वॉफलच्या साच्याचं पेटंट मिळालं. चुलीवर ठेवायच्या बिडाच्या साच्याला त्याने असा सांधा आणि दांडा बसवला, की हात न भाजता साचा उलटता यावा. इकडे तव्याचे चटके कवितेत आणून अख्ख्या महाराष्ट्राला आपलेसे वाटायला लावणाऱ्या बाई, तिकडे चटका टाळायची युक्ती, आणि दिवस एकच! अमेरिकेत २४ ऑगस्टला वॉफल दिवस साजरा होतो. असोद्यात त्या दिवशी कुणी वॉफल केलं, तर मला फार आवडेल.

थोरलं भावंड चुलीवर

वॉफल मेकर आता जळगावच्या दुकानांत सहज मिळतो, पण त्याचं थोरलं भावंड खानदेशाच्या चुलीवर कधीचंच आहे. ते म्हणजे खापर, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खोल भांडं. त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजतात. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ भिजवायचं आणि तार सुटेपर्यंत मळून, आपटून घ्यायचं. पुरण भरून लाटलेली पोळी मग पोळपाटावरून उचलायची आणि दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत खेळवत वाढवत न्यायची. शेवटी एका झोकात ती खापरावर टाकायची. भाजला की मांडा गरम असतानाच रुमालासारखा घडी होतो. हे ज्या बाईला जमतं, तिच्याभोवती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्खं घर उभं राहून बघतं, आणि बघावंच.

ही कला जुनी तरी किती? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मंडक आहे, आणि तो भाजायला तापलेलं खापरही आहे. दोन तापल्या लोखंडी पत्र्यांमध्ये पीठ दाबून वॉफल करण्याची पाककृती ‘ल मेनाजिए द पारी’ या पॅरिसच्या गृहस्थाने लिहिलेल्या ग्रंथात आहे, ती चौदाव्या शतकाच्या अखेरची. म्हणजे लिहिलेल्या कागदाचाच हिशेब धरला, तर आपला मांडा पुढे.

खापराशिवाय मांडे झाल्याची कथाही आहे. विसोबाने कुंभारांना खापर द्यायला मना केलं, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी त्या पाठीवर मांडे भाजले. त्याच मुक्ताबाई तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या लोळात गुप्त झाल्या असं मानतात. ते ठिकाण आपल्याच जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यात आहे.

एकाला मळणं लागतं, दुसऱ्याला सोसत नाही

मला सगळ्यात मजेची वाटते ती ही गोष्ट. मांड्याचं पीठ जितकं मळाल तितकं चांगलं, कारण मळल्याने गव्हातलं ग्लुटेन जोडलं जातं आणि पीठ न फाटता ताणलं जातं. वॉफलचं नेमकं उलटं. पीठ फार फेटलं की तेच ग्लुटेन वॉफलला चामट करतं. ओलं आणि कोरडं एकत्र झालं की थांबा. बारीक गुठळ्या राहू द्या, साच्यात त्या विरतात. मैद्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं की कडा कुरकुरीत होतात.

‘वॉफल’ हा शब्द डच भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी विणकाम आणि मधाचं पोळं आहे. आपल्याकडेही पोळं आणि पोळी शेजारीच नांदतात! वॉफलची जाळी नुसती दिसायला नसते. खड्ड्यांमुळे पिठाचा जास्त भाग तापल्या धातूला टेकतो, म्हणून बाहेरून खरपूस आणि आतून मऊ.

अंडं नको असेल तर जळगावचं केळं आहेच. या केळ्याला आणि इथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेलं अर्धं केळं कुस्करून घातलं की पीठ बांधलं जातं. मात्र केळ्यातली साखर लवकर लाल होते आणि चिकटते. आच थोडी कमी ठेवा, तेल थोडं जास्त.

तेल विसरलं आणि बूट निघाला

१९७१ साली ओरेगनचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी बुटाच्या तळव्यासाठी बायकोच्या वॉफलच्या साच्यात युरेथेन ओतलं. आधी साच्याला काही लावलं नव्हतं, त्यामुळे साचा कायमचा बंद झाला. पण कल्पना खरी ठरली आणि पुढे नाइकी कंपनीचा प्रसिद्ध जाळीदार तळवा त्यातूनच आला. तो साचा २०१०मध्ये त्यांच्या घराच्या आवारात पुरलेला सापडला.

म्हणून दर वेळी ब्रशने पातळ तेल लावायचं. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल टाळा, त्याचा चिकट थर जाळीवर बसतो आणि निघत नाही.

घेताना, वापरताना

खापर घेताना बोटाने वाजवून बघतात. आवाज खणखणीत आला तर भांडं पक्कं, बद्द आला तर कुठेतरी चीर. वॉफल मेकर घेताना झाकण उघडून बघा. सांधा थोडा वर उचलला जायला हवा, कारण पीठ फुगतं आणि त्याला जागा लागते. जाळी निघणारी मिळाली तर धुणं सोपं. वीज जाते-येते अशा गावात गॅसवरचा उलटायचा साचा उत्तम. तो म्हणजे स्वार्टवूटच्याच घराण्यातला.

साचा पुरता तापल्याशिवाय पीठ ओतू नका, खापराचाही हाच नियम. ओतल्यावर मशीनच्या दिव्यापेक्षा वाफेकडे बघा. भरपूर वाफ निघते तोवर आत पाणी आहे. ती विरळ झाली की वॉफल तयार. मधेच झाकण उघडलं तर वॉफलचे दोन तुकडे होऊन एक वर आणि एक खाली चिकटतो.

काढायला लाकडी उलथणं घ्या, सुरी किंवा काटा नको, लेप खरवडला जातो. मशीन निवल्यावर मऊ ब्रशने कण झाडायचे, ओल्या फडक्याने पुसायचं. विजेचं मशीन पाण्यात बुडवायचं नाही, आणि तापल्या खापरावर गार पाणी ओतायचं नाही. खापराला साबणही नको, माती तो पिऊन घेते.

मांडा गरम असताना घडी घाला, पण गरम वॉफल एकमेकांवर ठेवू नका, स्वतःच्याच वाफेने ती मऊ पडतात. लोखंडी जाळीवर सुटी ठेवा. आखाजीला घरात आमरस असतोच, आणि वॉफलचे खड्डे भरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त रस वाढायचा तो सगळे जेवायला बसल्यावर.